केमसेक्स आणि आरोग्यसेवा (नागपूर)

पुरुषांनी आपसांतील शरीरसंबंध लांबावा, संकोच गळून पडावा म्हणून ठरवून अमली पदार्थ घेणे म्हणजे केमसेक्स. त्यात मुख्यतः मेथॅम्फेटामाइन (मेथ), मेफेड्रोन आणि जीएचबी (गुंगी आणणारे द्रव) वापरतात. मेफेड्रोन नागपूरकरांना ‘एमडी’ म्हणून माहीत आहे, पण ते पोलीस कारवाईच्या बातम्यांतून. घेणाऱ्याच्या तब्येतीविषयी तिथे फारसे काही नसते.

खरी अडचण उपचारांच्या वाटणीत आहे. एचआयव्ही चाचणीच्या वेळी कंडोमबद्दल विचारतात, नशेबद्दल सहसा नाही. व्यसनमुक्ती केंद्रात दारू-गांजाबद्दल विचारतात, शरीरसंबंधांबद्दल नाही. माणूस एकच, पण दोन्हीकडे त्याची अर्धीच हकिगत कागदावर येते. शिवाय सरकारी कार्यक्रमात सुई टोचून घेणाऱ्यांना दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे अफूजन्य नशेसाठी आहेत. एमडी किंवा मेथसाठी तसे पर्यायी औषध नाही. तिथे भर समुपदेशनावरच.

सर्वांत घातक जोडी जीएचबी आणि दारूची. शुद्ध हरपते, श्वास मंदावतो, उलटी घशात अडकते. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातील सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत आणणारे मित्र भीतीपोटी ‘जास्त प्यायला’ एवढेच सांगून मोकळे झाले, तर डॉक्टरला पुढचे कळायला मार्ग नाही: नेहमीच्या लघवी तपासणीत जीएचबी दिसत नाही आणि त्यावर उताराही नाही. काय घेतले ते खरे सांगणे हीच तिथली मोठी मदत. पॉपर्स (हुंगायचे नायट्राइट) आणि सिल्डेनाफिलची (व्हायग्राची) गोळी सोबत घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळतो.

असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर, पेप (एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे) सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. दोन-तीन रात्री जागून काढणाऱ्याची ही मुदत सहज हुकते. एचआयव्हीच्या औषधांत रिटोनाविर असेल तर एमडीचा परिणाम धोकादायक वाढू शकतो. डोल्युटेग्राविरबाबत ही भीती नाही, म्हणून कोणता कोर्स चालू आहे हे रुग्णाला ठाऊक असायलाच हवे. एकाच सुईतून पसरणारा हिपॅटायटिस सी बहुतेकांचा साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. हिपॅटायटिस बीची लस आहे.

समलिंगी संबंध सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. अमली पदार्थांचे सेवन मात्र आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचे कलम ६४-अ संरक्षण देते. बेशुद्धीत बलात्कार झालेल्या पुरुषाला भारतीय न्याय संहितेच्या बलात्काराच्या कलमात स्थान नाही, ही गंभीर उणीव आहे. नशा उतरल्यावर येणारे नैराश्य, संशय, आत्महत्येचे विचार यांसाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (१४४१६) चोवीस तास मोफत आहे, मराठीतही.