मुक्तीनंतरचे मृत्यू : बेल्सेनमधील उपासमार आणि आहारोपचार

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य उत्तर जर्मनीतील बर्गन-बेल्सेन या नाझी छळछावणीत शिरले, तेव्हा तेथे सुमारे ६०,००० कैदी होते आणि हजारो मृतदेह उघड्यावर पडले होते. टायफस (उवांमुळे पसरणारा ताप), क्षय व अतिसार यांनी छावणी पोखरली होती. सुटका झाली, तरी पुढच्या काही आठवड्यांत आणखी सुमारे १४,००० माणसे दगावली, आणि त्यांतील काहींच्या जिवावर हाती आलेले अन्नच बेतले.

सैनिकांनी कळवळ्याने आपल्याजवळचे डबाबंद मांस व स्निग्ध पदार्थ वाटले. त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. दीर्घ उपासमारीत आतड्यांची पचनशक्ती क्षीण होते. त्यातच भरपूर पिष्टमय अन्न एकदम पोटात गेले की इन्शुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम पेशींत ओढले जाते आणि आधीच दुबळे झालेले हृदय बंद पडू शकते. आज या अवस्थेला ‘रिफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. तेव्हाच्या डॉक्टरांना तिची ही उकल ठाऊक नव्हती.

त्यांच्या हाती होता तो भारतातला अनुभव. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले दूध पावडर, पीठ, साखर, मीठ व पाणी यांचे मिश्रण बेल्सेनमध्ये देण्यात आले. ज्या दुष्काळात ब्रिटिश अमलाखालील लाखो माणसे अन्नावाचून मेली, त्याच दुष्काळाचे नाव या मिश्रणाला होते, हे विसरता येत नाही. पूर्व युरोपातील अनेक कैद्यांना मात्र ते इतके गोड लागे की घशाखाली उतरत नसे.

दुसरा उपाय म्हणजे आधीच विघटित केलेल्या प्रथिनांचे द्रावण. ते तोंडाने, नळीने किंवा शिरेतून द्यायचे होते, आणि ते पारखण्यासाठी डॉ. जॅनेट वॉन यांचे पथक ब्रिटनहून आले. द्रावणाची चव किळसवाणी होती. शिवाय नाझी छावण्यांत इंजेक्शन देऊन माणसे मारली गेली होती, त्यामुळे सुई दिसताच रुग्ण भयाने किंचाळत. ज्यांना गिळता येते, त्यांना दुधाचा आहार थोडाथोडा, पुन्हापुन्हा देणेच अधिक हितकारक, असा या पथकाचा निष्कर्ष निघाला.

मे महिन्याच्या सुरुवातीला लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील जवळपास शंभर विद्यार्थी छावणीत दाखल झाले. चालता येणारे कैदी अन्नाच्या भांड्यापर्यंत पोचत, पण जमिनीवर पडून असलेल्यांच्या वाट्याला काहीच येत नसे, म्हणून हे विद्यार्थी बराकीत एकेकाजवळ जाऊन अन्न भरवत.