ऊन, वांग आणि स्टेम सेलचं गाजर

लग्नसराई आली की इंदूरला सकाळच्या पेपरातून पत्रकं गळायला लागतात. परवाच्या एकावर ठळक छापलं होतं, ‘स्टेम सेल फेशियल’. (स्टेम सेल म्हणजे मूळपेशी, ज्यांच्यातून नव्या पेशी तयार होतात.) उन्हाने आलेला काळेपणा आणि वांग म्हणे मुळापासून जाणार, नवरीला खास सवलत. भाचीचं लग्न ठरलंय, तेव्हा घरात चर्चा होणारच. तिचा प्रश्न रास्त होता: “मामा, मी डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळून गाडी चालवते, तरी रापते कशी?” पातळ ओढणीतून बरंच ऊन आत येतं, हे एक उत्तर. पण खरी गंमत त्वचेच्या आत आहे.

उन्हातले यूव्ही-बी हे अतिनील किरण त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशींच्या डीएनएला इजा करतात. इजा झाली की पी५३ हे प्रथिन जागं होतं. कर्करोगाच्या संशोधनातलं हे बडं प्रस्थ, पण इथे ते पीओएमसी नावाचं जनुक चालू करतं. त्यातून एक लांबलचक प्रथिन तयार होतं आणि त्याचे तुकडे पडतात. एक तुकडा अल्फा-एमएसएच. (दुसरा बीटा-एंडॉर्फिन, शरीराची घरची अफूच, तिकडे वळलो तर लेख हातचा जाईल.) अल्फा-एमएसएच शेजारच्या, रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशीवरच्या एमसी१आर या ग्राहीला चिकटतो, आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, जनुकं चालू करणारं एमआयटीएफ हे प्रथिन कामाला लागतं आणि टायरोसिनेज हे एन्झाइम टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवायला घेतं.

एक मेलॅनोसाइट आपल्या फांद्यांमधून साधारण ३६ केराटिनोसाइटना रंगाच्या पिशव्या पोचवते. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. पोचलेलं मेलॅनिन पेशीत कुठेही पडून राहत नाही. केंद्रकाच्या डोक्यावर, नेमकं सूर्याच्या बाजूला, छत्रीसारखं जमतं. आतला डीएनए सावलीत! चेहरा खराब झाला म्हणून आपण कुरकुरतो, ती ही छत्री.

आता आपल्याच पायाकडे बघा. चपलेच्या पट्ट्याखाली कातडी उजळ, शेजारी गडद. रंग बनवणाऱ्या पेशी दोन्हीकडे आहेत, एकीकडच्या जास्त राबल्यात इतकंच. गोऱ्या आणि सावळ्या माणसांतही मेलॅनोसाइटची संख्या जवळपास सारखीच असते. मग जिथे पेशींची वानवा नाही, तिथे नव्या पेशी ओतून काय साधणार?

शिवाय मेलॅनोसाइटच्या स्वतःच्या मूळपेशी असतात. त्या केसाच्या कोषात, बल्ज नावाच्या फुगीर भागात राहतात, हे एमी निशिमुरा आणि सहकाऱ्यांनी २००२ साली उंदरांत दाखवलं. पुढे उंदरांतच दिसलं की यूव्ही-बी पडलं की त्या केसाच्या वाटेने वर चढतात आणि रंग बनवणाऱ्या पेशी होतात. म्हणजे स्टेम सेलना कामाला लावून ऊनच काळेपणा वाढवतं! कोडाचा डाग उपचारांनी भरायला लागतो, तेव्हा रंगाचे ठिपके आधी केसांभोवती उमटतात ते याचमुळे. पेशींची लावणी कोडात कामी येते, कारण तिथे पेशी खरोखर गेलेल्या असतात.

पत्रकवाल्यांच्या कुपीत जिवंत पेशी बहुधा नसतातच. सफरचंदाच्या पेशींचा अर्क असतो, किंवा स्टेम सेल वाढवलेलं द्रावण, नाहीतर हल्ली फार बोलबाला झालेले एक्सोसोम, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या. अशा द्रावणाने प्रयोगशाळेत टायरोसिनेज कमी झालेलं दिसलंय, हे खरं. पण बशीतल्या पेशी म्हणजे चेहरा नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारखे ठरावीक अपवाद वगळता स्टेम सेलचे उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात. लग्नाची सवलत त्यात बसत नाही.

घरगुती उपायांतही एक धोका आहे. तोंडाला लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबातली फ्युरोकुमरिन्स ही द्रव्यं उन्हातल्याच यूव्ही-ए किरणांशी मिळून त्वचा भाजतात आणि वर काळे डाग ठेवून जातात. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची मलमं त्याहून वाईट.

नुसतं रापलेलं असेल तर वरचा थर झडतो तसा रंग काही आठवड्यांत उतरू लागतो, फक्त नवं ऊन लागता कामा नये. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला, त्यामुळे जूनच्या आणि जुलैच्या सुरुवातीला सूर्य पार डोक्यावर येतो. जुलैतल्या ढगांतूनही यूव्ही-ए खाली पोचतंच. वांगाचं प्रकरण चिवट आहे. ते साध्या दृश्य प्रकाशानेही वाढतं, म्हणून त्याला आयर्न ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.