डेरिंजर पिस्तुलांवरील विक्रेत्यांची नावे : पार्श्वभूमी

फिलाडेल्फियाचे बंदूककार हेन्री डेरिंजर (१७८६–१८६८) यांनी अमेरिकन सरकारसाठी लष्करी रायफलीही घडवल्या, पण त्यांचे नाव झाले ते खिशात मावणाऱ्या, एकाच बाराच्या पिस्तुलांमुळे. लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर आणि नळीच्या मागच्या टोकाला ‘डेरिंजर, फिलाडेल्फिया’ हा ठसा असे. काही पिस्तुलांच्या नळीवर त्याखेरीज विक्रेत्याचे नाव आणि गावही उमटवलेले आढळते : मेम्फिसचे एफ. एच. क्लार्क, न्यू ऑर्लिन्सचे हाइड अँड गुडरिच, सॅन फ्रान्सिस्कोचे करी. संग्राहक आज सर्वाधिक चर्चा करतात ती याच ओळीची.

१८४९ पासून सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे लोटलेल्या गर्दीमुळे या पिस्तुलांना मोठी मागणी आली. कारखाना पूर्व किनाऱ्यावर आणि गिऱ्हाईक पश्चिमेला, अशा स्थितीत मालाची खात्री देणारा ओळखीचा माणूस म्हणजे गावातला विक्रेता. त्याचे नाव नळीवर असणे ही जाहिरात होती, तशीच हमीही होती.

मागणीबरोबर नकलाही आल्या. डेरिंजर यांच्याकडे काम केलेल्या कारागिरांनी फिलाडेल्फियातच ‘स्लॉटर अँड कंपनी’च्या नावाने हुबेहूब पिस्तुले घडवली आणि त्यांपैकी काहींवर डेरिंजर यांचाच ठसा मारला. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी ए. जे. प्लेट यांनी असा माल विकल्याचा दावा डेरिंजर यांनी न्यायालयात नेला. ही खूण राज्याच्या १८६३ च्या कायद्यानुसार नोंदवलेली नाही, हा बचाव फेटाळून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६५ मध्ये डेरिंजर यांच्या बाजूने निकाल दिला. व्यापारचिन्हाचा हक्क नोंदणीवाचूनही, वापरातून उभा राहतो, हे त्यातून स्पष्ट झाले. माझ्या मते या पिस्तुलांच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, कारण नळीवरच्या अक्षरांचे मोल त्यात प्रथमच न्यायालयाच्या तराजूत तोलले गेले.

त्या अक्षरांना आज बाजारातही किंमत आहे. विक्रेत्याचे नाव असलेला नग साध्या नगापेक्षा महाग जात असल्याने मूळ पिस्तुलावर मागाहून नाव ठोकण्याचे प्रकार घडतात. म्हणून जाणकार भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहतात : बाकीची नळी झिजून गुळगुळीत झालेली असताना कडा धारदार असतील, किंवा भोवती जुना तपकिरी थर असूनही अक्षरांच्या तळाशी धातू उजळ दिसत असेल, तर ते नाव नळीइतके जुने नाही.