रिमोट ऑब्जेक्टची नोंदणी आणि शोध

दुसऱ्या यंत्रावर चालणाऱ्या ऑब्जेक्टला नाव देऊन ते नोंदवून ठेवण्याची आणि त्या नावावरून ऑब्जेक्टपर्यंत पोहोचण्याची वितरित प्रोग्रामिंगमधील पद्धत. नोंदी सांभाळणाऱ्या सेवेला रजिस्ट्री किंवा नामसेवा म्हणतात.

सर्व्हर सुरू होईपर्यंत ऑब्जेक्टचा पोर्ट, म्हणजे यंत्रावरील नेमक्या प्रोग्रामपर्यंत पोहोचवणारा क्रमांक, बहुधा ठरलेला नसतो, मग क्लायंटने त्याला गाठायचे कसे? त्यासाठी निदान एक ठिकाण सर्वांना आधीपासून माहीत असावे लागते. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातील ज्या आरपीसीचे (रिमोट प्रोसिजर कॉल, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरील प्रोसिजर बोलावण्याची पद्धत) वर्णन बिरेल आणि नेल्सन यांनी 1984 साली केले, तिच्यात हे काम ग्रेपव्हाइन हा वितरित डेटाबेस करत असे. सन कंपनीच्या आरपीसीचा पोर्टमॅपर 111 या पोर्टवर असतो, तर 1997 मध्ये जेडीके 1.1 या जावाच्या विकाससंचाबरोबर आलेल्या जावा आरएमआयची (रिमोट मेथड इन्व्होकेशन, जावातील दूरस्थ ऑब्जेक्ट वापरण्याची सोय) रजिस्ट्री 1099 वर.

आरएमआयमध्ये सर्व्हर ‘बाइंड’ करून नाव नोंदवतो. नाव आधीच घेतलेले असेल तर एक्सेप्शन, म्हणजे त्रुटीची सूचना, येते. ‘रीबाइंड’ मात्र जुनी नोंद काही न विचारता बदलतो. नोंद करण्याची मुभा रजिस्ट्रीच्याच यंत्रावरील प्रोग्रामला असते, ‘लुकअप’ कुठूनही करता येतो.

लुकअपमधून हाती येतो तो स्टब: मूळ ऑब्जेक्टचा यजमान, पोर्ट आणि ओळख-क्रमांक जवळ बाळगणारा प्रतिनिधी. पुढचे सारे कॉल थेट सर्व्हरकडे जातात, रजिस्ट्री वाटेत उरतच नाही. हे नीट उमगले की आरएमआयमधली सर्वांत छळणारी अडचण सुटते. लुकअप बिनचूक होतो आणि पहिलाच कॉल फसतो, तेव्हा अनेकजण रजिस्ट्रीतच दोष शोधत राहतात. खरे तर अनेकदा स्टबमध्ये 127.0.0.1 हा ‘हेच यंत्र’ असा अर्थ असलेला पत्ता गेलेला असतो आणि क्लायंट सर्व्हरला स्वतःच्याच यंत्रावर शोधत असतो. फायरवॉलमध्ये केवळ 1099 उघडल्यानेही हेच घडते, कारण ऑब्जेक्टचा पोर्ट वेगळा असतो.

नोंद असेपर्यंत रजिस्ट्रीचा संदर्भ ऑब्जेक्टला कचरासंकलनापासून, म्हणजे वापरात नसलेल्या ऑब्जेक्टची मेमरी आपोआप मोकळी होण्यापासून, वाचवतो. सर्व्हर अचानक कोसळला तर मात्र नोंद तशीच मागे राहते, कारण पलीकडे कोणी जिवंत आहे का, हे रजिस्ट्री तपासत नाही. तिच्या नोंदी फक्त मेमरीत असल्याने ती पुन्हा सुरू केल्यावर सर्व नावे नव्याने बाइंड करावी लागतात. नावांची रचनाही सपाट असते. कोर्बा या वितरित ऑब्जेक्टसाठीच्या मानकाच्या नामसेवेत ती झाडासारखी, एका नामगटात दुसरा नामगट अशी रचता येते.