सोयाबीनमधलं परकं जनुक पोटात कुठवर टिकतं?

बीटी वांग्याला, म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेल्या वांग्याला, केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली, त्या काळात एक प्रश्न हमखास कानावर यायचा. त्या वांग्यातलं जनुक खाणाऱ्याच्या अंगात शिरलं तर? प्रश्न रास्त आहे, आणि माणसांना जनुकबदल केलेलं सोयाबीन खाऊ घालून तो तपासलाही गेला आहे.

मुळात जनुकं ज्याची बनलेली असतात तो डीएनए आपण रोजच खातो. भाकरी, मेथी, मटण, कोथिंबीर, सगळ्यांच्या पेशींत तो असतो, दिवसाकाठी ०.१ ते १ ग्रॅम इतका पोटात जातो. शिजवताना त्याचे लांब धागे तुटतात, जठरातल्या आम्लाने आणखी मोडतात, आणि लहान आतड्यात स्वादुपिंडाची विकरं त्यांचा पार भुगा करतात. उरलेले न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएचे सुटे घटक, मेथीचे की मातीतल्या जिवाणूचे, हे शरीराला ओळखता येत नाही. रेणू तेच असतात.

पण भुगा खरंच पूर्ण होतो का? इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी यासाठी सात जण निवडले. त्यांचं मोठं आतडं शस्त्रक्रियेने वगळलेलं होतं आणि लहान आतड्यातून येणारं अन्न पोटावरच्या पिशवीत जमा व्हायचं. म्हणजे पचन अर्ध्यावर असतानाच आत डोकावता आलं. त्यांना जनुकबदल केलेल्या सोयाचा बर्गर आणि मिल्कशेक दिला. २००४ साली निष्कर्ष छापून आले. परकं जनुक काही प्रमाणात शाबूत सापडलं होतं, जास्तीत जास्त ३.७ टक्के. ‘सगळं पचतं, काळजी नको’ असं सरसकट सांगणाऱ्यांनी हा आकडा लपवू नये, असं मला कळकळीने वाटतं. मात्र ज्यांची आतडी पूर्ण होती अशा बारा जणांच्या विष्ठेत ते जनुक आढळलं नाही. सातांपैकी तिघांच्या आतड्यातल्या जिवाणूंत त्याचा अगदी पुसट माग लागला; पण तो प्रयोगाच्या आधीपासूनचा होता आणि त्या जेवणाने वाढला नाही.

कोंबड्यांच्या आणि गायींच्या शरीरातही चाऱ्यातल्या वनस्पतींच्या डीएनएचे लहान तुकडे सापडले आहेत, साध्या चाऱ्यातलेसुद्धा. पण तुकडा सापडणं वेगळं आणि जनुक कामाला लागणं वेगळं. त्यासाठी अख्खं जनुक, ते चालू करणाऱ्या भागासकट, पेशीच्या केंद्रकात पोचून गुणसूत्रात बसावं लागतं. शिवाय आतड्याच्या अस्तराच्या बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत झडून जातात.

माझ्या मते खरी चौकशी जनुकाची नव्हे, त्याने बनवलेल्या प्रथिनाची करायला हवी. सोयाबीन जास्त पौष्टिक व्हावं म्हणून त्यात ब्राझील नटचं जनुक घातलं होतं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तद्रवाने त्या सोयाबीनमधलं नवं प्रथिन नेमकं ओळखलं, म्हणजे ते खाऊन त्यांना ॲलर्जी उठण्याचा धोका होता. ते सोयाबीन बाजारात आलंच नाही. तिथे जनुकाला कुणाच्या पेशीत शिरायची गरजच नव्हती.