पाण्याखालचा पहिला कॅमेरा आणि हरवलेला लाल रंग

मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेल्यांचे फोटो पाहिले, तर बहुतेकांत एकच रंग असतो: हिरवट निळा. माणूस, मासा, खडक सगळे त्यातच बुडालेले. मग घरी ठरते, की कॅमेरा साधा होता, पुढच्या वेळी जास्त मेगापिक्सेलचा घेऊ. पैसे इथेच वाया जातात. पाण्याखालचा पहिला कॅमेरा घेताना आधी विचारायचे ते हे: हा कॅमेरा लाल रंगाचे काय करतो?

पाणी रंगहीन असते, हे पेलाभर पाण्यापुरतेच खरे. पाण्याच्या रेणूतले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सतत कंप पावतात. त्या कंपनाला लागणारी ऊर्जा अवरक्त किरणांतून, साधारण 2,900 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, शोषली जाते. पण त्याच्या जवळपास चौपट आणि पाचपट वारंवारतेलाही क्षीण शोषण होते आणि ते येते 740 आणि 600 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नेमके आपल्याला दिसणाऱ्या लाल-नारिंगी पट्ट्यात. बहुतेक रंगीत पदार्थांचा रंग इलेक्ट्रॉनांमुळे येतो, पाण्याचा मात्र रेणूंच्या थरथरण्यामुळे. मला हे फार विलक्षण वाटते. याचा पुरावाही देखणा आहे. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम असतो, त्यामुळे कंपने मंदावतात, शोषण अवरक्ताकडे सरकते आणि जड पाण्याचा निळा रंग जातो.

समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. 1921 मध्ये बोटीच्या प्रवासात सी. व्ही. रामन यांनी निकोल प्रिझमने, म्हणजे परावर्तित प्रकाश गाळणाऱ्या स्फटिकाने, पृष्ठभागाची चकाकी काढून टाकून पाहिले, तरी निळाई उरलीच. पाण्याचे रेणू निळा प्रकाश विखुरतात, हे त्यांचे उत्तर. शोषण आणि हे विखुरणे मिळून समुद्राचा रंग ठरतो.

आता आकडे. अगदी शुद्ध पाण्यात 650 नॅनोमीटरचा लाल प्रकाश दर मीटरला सुमारे 29 टक्के घटतो. 10 मीटरवर 3 टक्क्यांच्या आसपास उरतो, तर 470 नॅनोमीटरचा निळा जवळजवळ 90 टक्के. कोकण किनाऱ्याच्या पाण्यात प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि गाळ असल्याने निळाही कमी होतो आणि सगळे हिरवट दिसते. शिवाय प्रकाशाचा प्रवास माशापाशी संपत नाही. तो माशावरून तुमच्या भिंगापर्यंतही पाण्यातूनच येतो. 5 मीटर खोलीवर 3 मीटर दूरचा मासा टिपला, तर एकूण वाट 8 मीटर, लाल उरला 7 टक्क्यांहून कमी. तोच मासा अर्ध्या मीटरवरून टिपला, तर 15 टक्के. एक रुपया न खर्चता लाल रंग दुपटीने वाढला.

कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरच्या ठिपक्यांपैकी साधारण चौथाईच लाल प्रकाश मोजतात. ते उपाशी राहिले, की कॅमेरा त्यांचा क्षीण संकेत ताणून वाढवतो आणि फोटोत रंगीत दाणे येतात. छोट्या सेन्सरवर जास्त ठिपके कोंबून हे सुटत नाही. हवी ती दोन साधने. एक, पाण्याखाली जागच्या जागी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसेल असा रंगांचा तोल, ठरवायची सोय. दुसरे, 'रॉ' फाइल, म्हणजे सेन्सरने मोजलेली कच्ची माहिती. 12 बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक ठिपक्याला 4,096 पायऱ्या असतात, जेपेगमध्ये 256. उरलेला थोडा लाल नंतर वर काढायचा, तर या पायऱ्या लागतात. लाल फिल्टर रंग देत नाही, तो फक्त निळा-हिरवा अडवतो आणि फोटो अंधारतो.

ऑलिंपसचा टीजी-6 आणि त्यानंतर ओएम सिस्टीमचा टीजी-7 नवशिक्यांना सुचवले जातात, ते याचमुळे. दोन्ही फक्त 12 मेगापिक्सेलचे, पण रॉ देतात, पाण्याखालचे व्हाइट बॅलन्स देतात, भिंगापासून 1 सेंटिमीटरवरची वस्तू टिपतात आणि हाउसिंगशिवाय, म्हणजे बाहेरच्या जलरोधक पेटीशिवाय, 15 मीटरपर्यंत चालतात. केवळ व्हिडिओ हवा असेल तर अ‍ॅक्शन कॅमेरा पुरे.

मोबाइलवर 'आयपी 68' हा पाणी-धूळरोधकतेचा दर्जा लिहिलेला असतो, म्हणून तो समुद्रात नेणाऱ्यांना कळकळीने सांगतो: नेऊ नका. त्या चाचणीची खोली आणि वेळ कंपनीच ठरवते, आणि पाणी असते गोडे, स्थिर. 10 मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो, आणि मीठ चार्जिंगच्या खाचेत राहते ते वेगळेच.

पुढे फ्लॅश घ्यावासा वाटेल. फ्लॅशचा प्रकाश थोडेच अंतर कापतो, म्हणून त्यात लाल शाबूत असतो. पण कॅमेऱ्यातला फ्लॅश भिंगाला चिकटून असतो. घाटात धुक्यात अप्पर लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसे इथे पाण्यातले कण उजळतात. म्हणून बाजूला दांडीवर बसवायचा वेगळा फ्लॅश, म्हणजे स्ट्रोब, लागतो. तो नंतर घ्यावा. आधी पाण्यात स्थिर तरंगायला शिकावे. फोटोच्या नादात प्रवाळावर पाय टेकला, तर वर्षानुवर्षांची वाढ मोडते.

हाउसिंग घेतलेच, तर पहिल्यांदा ते कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू पेपर ठेवून पाण्यात न्या. झाकण घट्ट बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यावर, म्हणजे ओ-रिंगवर, एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला असेल, तर तो कागद भिजलेला मिळेल.