सीची गोळी हृदयापर्यंत कशी आली

वरुड-मोर्शीकडे संत्रा उतरला की घरातल्या हृदयरुग्णाला कोणीतरी सांगतंच, 'रोज चार संत्री खा, हार्ट मजबूत होते.' मग मेडिकलमधून सी जीवनसत्त्वाची 500 मिलिग्रॅमची, चघळायची नारिंगी गोळीही येते. हाती 'पंपिंग 30 टक्के', म्हणजे हृदय कमजोर, असा इकोचा रिपोर्ट असतो. या सल्ल्यामागे खरं संशोधन आहे, पण ते अर्धंच गावापर्यंत पोचलं.

त्याची सुरुवात सशाच्या महाधमनीत आहे. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट धमनीच्या पट्ट्यांवर अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन टाकत, तेव्हा त्या आकसत. 1978 मध्ये पट्टीऐवजी कडी वापरली आणि ती सैल पडली! पट्टी कापताना आतलं पातळ अस्तर घासून निघत होतं, एवढाच फरक. 1980 मध्ये हे छापून आलं. अस्तरातून सुटणारा, धमनी सैल करणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे 1987 पर्यंत ठरलं आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

दरम्यान दिसलं, की हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगलेल्या रुग्णांत हातापायांच्या धमन्याही नीट रुंदावत नाहीत. चार पावलं चालून पाय भरून येतात, त्यात याचाही वाटा आहे. कारण सुपरऑक्साइड: हा रेणू नायट्रिक ऑक्साइडला जागीच गिळतो. मग सी आणि ई ही जीवनसत्त्वं देऊन सुपरऑक्साइडला आवरावं, हा विचार सरळच होता.

तपासणीही सोपी निघाली. हाताला पट्टा बांधून 5 मिनिटं रक्त अडवायचं, पट्टा सोडायचा आणि साधारण मिनिटभराने धमनीचा व्यास सोनोग्राफीवर मोजायचा. निरोगी धमनी काही टक्के रुंदावते. तपासणीआधी उपाशी राहायचं, तंबाखू बंद. खर्रा तोंडात असेल तर आकडा विश्वासाचा राहत नाही. 1998 मध्ये जर्मन संशोधकांनी हृदय कमजोर झालेल्यांना सी दिलं, आधी थेट धमनीतून आणि मग 4 आठवडे रोज 2 ग्रॅम तोंडाने. धमनी चांगली रुंदावली. गोळीची कीर्ती इथून वाढली.

पण धमनी रुंदावणं म्हणजे माणूस जगणं नव्हे. 2002 मध्ये ब्रिटनमधल्या 20,536 जणांच्या अभ्यासात रोज ई 600, सी 250 आणि बीटा कॅरोटिन 20 मिलिग्रॅम देऊनही फायदा झाला नाही. 2005 चा निकाल तर उलटा: आधीपासून रक्तवाहिन्यांचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांत रोज 400 युनिट ई घेणाऱ्यांचं हृदय निकामी होण्याचं प्रमाण 13 टक्क्यांनी जास्त. असं का, याचा एक भाग कळतो. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड एकमेकांना इतक्या झटपट भिडतात, की मध्ये पडायला सीचं प्रमाण प्रचंड लागतं. शिरेतून ते चढवता येतं. तोंडाने रोज 200 ते 400 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं, की रक्तातली पातळी फारशी वाढत नाही, उरलेलं लघवीवाटे जातं.

खरा घोटाळा गोळीने होत नाही, तिच्या भरवशावर पाण्याची (लघवीवाटे अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी) गोळी सुटते तेव्हा होतो. तीन दिवसांत वजन 2 किलोने वाढतं, पाय सुजतात, रात्री उशी उंच लागते. संत्र्याचा मोठा ग्लास रसही दिवसाच्या मोजून दिलेल्या पाण्यात धरायचा असतो. मूत्रपिंड कमजोर असून स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अंगात राखणारं औषध) चालू असेल, तर रसातल्या पोटॅशियमचा हिशोब डॉक्टरांना विचारूनच.